लाल पेशी आणि पांढरा दोरा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बुवा. कारण शेवटाला आलो की माझं मलाच हसू येत नाही. इतकी वर्षं झाली, पण कपड्यावर पांढरा दोरा लोंबताना दिसला की मी अजून हात मागे बांधून घेतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. घर पाचोऱ्याला, धंदा शिंप्याचा. आमच्या वडिलांची, आबांची, नजर गेली तेव्हापासून दुकान माझी मोठी बहीण, अक्का, चालवायची. पण बाजारात रेडिमेड कपडे आले आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा माशा जास्त झाल्या. त्यातच आमच्या कॉलेजनं ठरवलं की सायन्सच्या सगळ्या पोरांसाठी प्रॅक्टिकलला पांढरे ॲप्रन शिवून घ्यायचे. मी लगेच अक्काचं नाव पुढे केलं. प्राचार्य म्हणाले, विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या हातचं काहीतरी ठेवा, काम बघू आणि ठरवू.

म्हणजे दुकान चालणार की कुलूप लागणार, ते त्या प्रदर्शनावर आलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? एक ॲप्रन शिवून नेला असता. पण आम्ही पडलो प्राध्यापक! मी अक्काला म्हटलं, आपण लाल रक्तपेशी शिवू.

लाल पेशी कशी असते, ठाऊक आहे ना? गोल गिरदी दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबावी, तशी. वर पातळ पटल आणि त्याच्या आतल्या अंगाला प्रथिनांची लवचीक जाळी, हा तिचा सांगाडा. पण खरी करामत पटलाचीही नाही आणि जाळीचीही नाही. त्या दोघांना धरून ठेवणारे बारीक बारीक दुवे असतात, अँकिरिन वगैरे, सगळा खेळ त्यांच्यावर. ते आहेत म्हणून पेशी अरुंद केशवाहिनीतून चेपून जाते आणि पलीकडे निघाली की पुन्हा पहिल्यासारखी होते. दुवे सुटले की पेशी फुगून गोल होते, कुठंतरी अडकते आणि फुटते.

अक्कानं लाल साटीन घेतलं, आत इलास्टिकची जाळी विणली, मध्ये कापूस भरला. दुव्यांसाठी ती लाल दोरा ओवत होती, तर मीच अडवलं. म्हटलं, पांढरा घे, मागच्या बाकावरून दिसला पाहिजे. ती म्हणाली, पांढरा बरा नाही दिसत, भाऊ, काम अर्धवट वाटतं. पण प्राध्यापकापुढे कोण बोलणार? रोज दुकान आवरलं की ती एकेक टाका घालत बसायची. झाल्यावर आबांनी पेशी हातानं चाचपली आणि म्हणाले, पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आबांच्या तोंडून हे ऐकायला अक्काला चाळिशी गाठावी लागली होती.

घरी केशवाहिनी म्हणून पिंपाच्या गोल लोखंडी कड्यातून ढकलून पाहिली. मांजर फटीतून जावं तशी गेली आणि पलीकडे पुन्हा झकास पेशी!

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. कपडा शिवायच्या आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चा टाका घालतात आणि शिवण पक्की झाली की तो काढून टाकतात. लहानपणी दुकानातलं हे काम माझं. सुई मला कुणी दिली नाही, पण नखानं दोरा तोडायचा आणि ओढायचा, यात मी वस्ताद. ओढलेला दोरा फेकायचा नाही, गुंडाळी करून खिशात टाकायचा, ही आबांची शिस्त.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही एसटीनं निघालो. अक्का पुढे बायकांच्या सीटवर, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी मागे, मांडीवर पेशी. शेजारी दोंडाईच्याचे एक मिरचीचे व्यापारी. त्यांनी विचारलं, ही सोफ्याची गादी का? झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. पटल, जाळी, दुवे, सगळं सांगायला लागलो. पारोळा मागे पडलं तरी माझं चालूच. मध्येच ते म्हणाले, "सर, हे दोरे काढायचेच असतात का?"

मी म्हणालो, "मध्ये बोलू नका, दुव्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे."

आणि इकडे सवयीनं बोटं चालूच! तोंड दुव्यांचं महत्त्व सांगतंय आणि हात एकेक दुवा तोडतोय. उतरताना पेशी जरा गुबगुबीत वाटली. मला वाटलं, गाडीच्या उबेनं कापूस फुलला असेल.

हॉल भरलेला. अक्का पहिल्या रांगेत. मी ऐटीत पेशी घरून आणलेल्या त्याच कड्यात घातली आणि ढकलली. ती जाईना. आणखी जोर लावला, तशी आतली जाळी एका अंगाला गोळा झाली, साटीन टरकन फाटलं आणि वरच्या पंख्यानं कापूस हॉलभर उधळला. प्राचार्यांच्या मिशांवर सुद्धा कापूस.

लोक हसले. प्राचार्यांनी कापडाची कड उचलून पाहिली आणि हळूच म्हणाले, "शिवण कच्चीच दिसते." अक्कानं ते ऐकलं. ती खाली बसून पदरात कापूस वेचायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा कुठं मिरचीवाल्यांचा प्रश्न आठवला आणि डोक्यात उजेड पडला. मी ओरडून सांगितलं, शिवण पक्की होती, टाके मी काढले, एसटीत बसून!  मग प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बहिणीसाठी दोष अंगावर घेणारा भाऊ हल्ली कुठं बघायला मिळतो?" टाळ्या पडल्या. मी शपथा घ्यायला लागलो, तशा टाळ्या वाढल्या. एका बाईंनी तर डोळे पुसले. आणि ॲप्रनचं काम गेलं दुसऱ्या शिंप्याकडे.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मी पुन्हा सांगितलं, अक्का, खरंच मीच काढले गं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, जाऊ दे, माझी समजूत नको घालू. म्हणजे तिलाही खरं वाटेना! आपलाच हात कच्चा पडला, असं ती धरून बसली होती, आणि ते मला टाळ्यांपेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात कंडक्टर आला. मी सुट्ट्या पैशांसाठी खिशात हात घातला आणि हाताला लागली पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी. आबांच्या शिस्तीत, नीट गुंडाळलेली.

अक्कानं ती घेतली, बोटांत फिरवून पाहिली.  मग घरच्या अहिराणीत म्हणाली, "तुले शिवता कधीच उनं नही, भाऊ. उसवता मात्र चांगलं येस."

दुकान पुढच्याच वर्षी बंद झालं. अक्का त्याबद्दल मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही. फक्त आम्ही कुठं एसटीनं निघालो, की बसल्याबरोबर ती माझ्या दोन्ही हातांत एकेक पिशवी देते.