हुकूम मोडला, तर कळवायचं कुणी?

"यू मेड देम टी, लव्ह?" काउंटरमागचा पोलीस हसला. अहो, हसला! माझं मनगट सुजलेलं समोर दिसत होतं त्याला.

नवरा इथल्या ब्रिटिश आर्मीत. इथेच जन्मलेला, मराठी घरातला. त्याने दुसऱ्यांदा माझ्यावर हात उचलला तेव्हा मी तक्रार केली आणि त्याच्या कमांडिंग ऑफिसरने लेखी हुकूम काढला. घराकडे फिरकायचं नाही, बायकोशी बोलायचं नाही. मला वाटलं, सुटले.

शनिवारी सकाळी हा दारात. आणि पुढे सासूबाई, लीड्सहून आलेल्या. एकटा असता तर दार उघडलंच नसतं. पण सासूबाईंना बाहेर उभं ठेवू? अंगवळणी पडलेलं असतं हो सगळं. आत घेतलं, वाकून नमस्कार केला, चहा टाकला. त्या बाथरूमला गेल्या आणि याने मनगट पिरगाळलं.

"कम्प्लेंट मागे घे."

मी ओरडले. सासूबाईंनी येऊन पाहिलं. सगळं पाहिलं. त्याला घेऊन निघून गेल्या.

पोलिसाने माझ्यासमोर त्यांना फोन लावला, स्पीकरवर. सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "शी इन्व्हाइटेड अस, ऑफिसर. शी टच्ड माय फीट." सात वर्षं मी या बाईला आई म्हणत होते.

पोलिसाने पेन खाली ठेवलं. हा आर्मीचा कागद, म्हणे, आर्मीलाच सांगा. मी ते दोघं गेल्या गेल्या त्याच्या युनिटला फोन केला होता. ते म्हणाले होते, पोलिसांकडून लेखी येऊ द्या. म्हणजे मी चेंडू. इकडून तिकडे.

डोकंच फिरलं माझं. मी म्हटलं, "राइट इट डाउन. अँड सेंड इट टू हिज युनिट. नाउ." तो म्हणाला, घरी जा, शांत हो. मी गेले नाही. काउंटर सोडला नाही. मागची रांग कुरकुरली, कुरकुरू दे. शेवटी त्याची वरिष्ठ, सार्जंट, बाहेर आली. तिने हुकूम वाचला, मनगटाचे फोटो काढले, युनिटला ईमेल पाठवला. रेफरन्स नंबर लिहून घेतल्यावरच मी हलले.

बसस्टॉपवर सासूबाईंचा फोन. "अगं, त्याची नोकरी जाईल!"

"जाऊ दे. तो परत आला, तर मी परत कळवीन. आणि तुम्ही सोबत असलात, तर तुमचंही नाव लिहून देईन."

त्या रडायला लागल्या. मी फोन ठेवला.