फळ्यावरचे मासे

गुपित ठेवायला आमच्या मामीच्या पोटाएवढी सुरक्षित जागा अख्ख्या मालवण तालुक्यात नाही, हे मी तोंडवलीच्या तिठ्यावर उभा राहून ओरडून सांगायला तयार आहे. लोक हसतील, हेही मला ठाऊक आहे. कारण मामी म्हणजे आमच्या वाडीतली सर्वांत बोलकी बाई. ती माझी सख्खी मामी नव्हे, साऱ्या वाडीचीच. सकाळी अंगण झाडता झाडता तिचं तोंड सुरू होतं ते रात्री उशीला डोकं टेकेपर्यंत. कोणाच्या मांजरीला पिल्लं झाली, कोणाच्या सुनेनं कढीत सोलं जास्त घातली, मुंबईहून आलेल्या कोणाचं पोट किती सुटलं, सगळं तिच्याकडे ताजं मिळतं. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. पण मी पेढे घेऊन घरी पोचेपर्यंत ती बातमी अर्ध्या एस्टीला ठाऊक होती, कारण मामी त्या एस्टीत होती.

म्हणून वाडीच्या मंडळाने रुग्णसाहित्याच्या खोलीची किल्ली मामीच्या कमरेला दिली तेव्हा शहाण्यासुरत्यांनी कपाळावर हात मारला. मंडळ तसं लहानसंच. चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, दोन गंजक्या खाटा. ज्याला गरज त्याने न्यावं, काम झालं की परत आणावं. पण गावात वॉकर नेणं हे दिसतं तेवढं सोपं नसतं. वॉकर घरी पोचायच्या आधी बातमी पोचते, आणि मग कोणाच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न अडतं, कोणाची बोटीवरची जागा जाते.

मामीने हे पहिल्याच दिवशी ओळखलं आणि आपल्या तोंडाचाच पडदा केला. कोणी विचारलं, "मामी, चाकाची खुर्ची कोणाक दिलंस गो?" की ती म्हणणार, "अगो, खुर्चेवरना आठवला," आणि बांगड्याच्या भावापासून जी सुटायची ती विचारणारीला आपली चूल आठवेपर्यंत थांबायची नाही. खोलीतलं सामान ती कधी उघडं नेत नसे. कुबड्या जाळ्यात गुंडाळून, वॉकर चटईत. एकदा मच्छरदाणीखाली काहीतरी भलंमोठं घेऊन निघाली होती. वाटेत एका पोराने विचारलं, "काय गो न्हेतंस, मामी?" मामी म्हणाली, "तुझ्या लग्नाचो मखर! नवरी गावली काय सांग, थंयच हाडून ठेवतंय."

हिशोब मात्र ठेवावा लागे. त्यासाठी खोलीत एक फळा होता आणि त्यावर प्रत्येक वस्तूपुढे माशाचं नाव. वॉकर: बांगडा. खाट: मोरी. कमोडची खुर्ची: सरंगा. कोणता मासा म्हणजे कोण, हे फक्त मामीला आणि त्या माशाला ठाऊक. तारकर्लीला उतरलेलं एक पुण्याचं जोडपं हिंडत हिंडत आलं, त्यांनी दारातून फळा वाचला आणि मोरी कशी दिली म्हणून विचारलं. मामी गंभीरपणे म्हणाली, "मोरी विकूची नाय. मोरी अजून उठाक नाय."

तिचं एकच वागणं मला कळत नसे. माझ्या वडिलांशी ती भांडायची. आई गेल्यापासून बाबा घरी एकटेच. जन्मभर बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून वावरलेला माणूस, आता कंबर धरून चालायचा. विचारलं की म्हणायचा, "वात आसा." मी नोकरीमुळे कसालला राहायचो. चला माझ्याकडे, म्हटलं की एकच उत्तर, "थंय दर्या खंय आसा?" मी शनिवारी संध्याकाळी घरी यायचो तेव्हा मामी हमखास आमच्या परसातून तणतणत बाहेर पडताना दिसायची. डोक्यावर माडाच्या झावळ्यांचा, म्हणजे आमच्या भाषेत चुडतांचा, भला मोठा भारा. "तांडेलांनू, माझ्या कुंपणात पडलेली चुडतां ती माझी!" आतून बाबा, "न्हे, न्हे! घर शाकार त्येनी!" आणि शेजारी सांगायचे की मी सोमवारी एस्टीत बसलो की मामी तोच भारा परत आणून आदळते, "नको तुमची कुजकी चुडतां" म्हणून. सगळी वाडी या तमाशाला हसायची. मीही हसायचो.

मग एका रविवारी शहरातल्या कुठल्याशा कंपनीचा माणूस मंडळात आला. दोन नव्याकोऱ्या, वरखाली होणाऱ्या खाटा देणार होता. त्याला फक्त यादी हवी होती: नाव, फोन, आजार, आणि खाटेवरच्या माणसाचा फोटो. कमिटी हरखली. शिकलेला म्हणून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला गेला. मामी आली आणि पहिल्यांदाच थोडक्यात बोलली.

"शिरा पडो त्या यादीर. खाट देतत म्हणान खाटेवयलो माणूस देवचो?"

"अहो मावशी, फक्त माहिती आहे," तो माणूस म्हणाला.

"तुझी आसा काय ती? माझी तरी आसा? ज्येची त्येका इचार." मग ती कमिटीकडे वळली. "एक माणूस आसा. कोणाक सांगूचा नाय म्हणान शपथ घातल्यान, मगेच त्येणा वस्तू घेतल्यान. नाव भायर पडला तर पोरां त्येका उचलून न्हेतली. म्हाताऱ्याक दर्या दिसाचो बंद होतलो. मगे तो किती दिस जगतलो?"

मग मामी सरळ गंजक्या खाटेवर आडवी झाली. "काढ माझो फोटो. आजार लिही, बडबड. औषध नाय."

तो माणूस हसला, चहा प्यायला, आणि गेला. खाटा आल्या नाहीत. मी लॅपटॉप मिटला तेव्हा मामी माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मला वाटलं, रागावली.

बाबा गेले ते आठवड्याच्या मधल्या वारी, पडवीत, समुद्राकडे तोंड करून. दिवसकार्य झाल्यावर मी परसातली खोपी आवरायला घेतली. कोपऱ्यात चुडतांचा भारा होता. उचलला तर जड. चुडतां बाजूला केली, आत घडी घातलेली कमोडची खुर्ची. पायावर मंडळाचा निळा पट्टा.

आधी राग आला, सख्ख्या मुलापासून लपवलं म्हणून. मग पडवीतून समुद्राचा आवाज ऐकू आला, आणि मी काय केलं असतं ते मला नीट ठाऊक होतं. मी त्यांना कसालला नेलं असतं.

खुर्चीवर चुडतां पुन्हा तशीच बांधली आणि भारा डोक्यावर घेतला. वाटेत कोणीतरी विचारलंच, "काय रे न्हेतंस?"

"चुडतां," मी म्हटलं.

मामी खोलीतच होती. तिने भारा उतरवून घेतला. मग बांगड्याचा भाव सुरू झाला, मांजर झाली, कोणाची तरी सून झाली. बोलता बोलता पदराने फळ्यावरचा सरंगा पुसला. हात मात्र तोंडापेक्षा हळू चालत होता.

बाबांचं ते गुपित आता माझं, म्हणून एवढं लिहिलं. बाकीचे मासे कोण, मला ठाऊक नाही. मी अजून शनिवारी जातो. बांगडा, मोरी, पेडवे, नवी माणसं येतात, तीच नावं फिरून लागतात. सरंगा मात्र मामीने पुन्हा कोणालाच दिलेला नाही. असं का, म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "अरे, सरंग्यावरना आठवला..." आणि मी तिला मध्ये थांबवलं नाही.