‘अंगण’ नावाच्या ग्रुपात

आम्ही निघालो त्या दिवशी राजूरवरून अकोल्याला जाणाऱ्या जीपमध्ये आमचे हे पुढं ड्रायव्हरशेजारी मांडीवर बॅग घेऊन बसले होते आणि मागं मी बायकांत कोंबलेली. आण्णा, म्हणजे माझे वडील, खाली उभे होते. जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं निरोप घेऊन झाल्यावरही आम्ही बराच वेळ एकमेकांकडं बघत राहिलो. बोलायचं सगळं संपलं होतं. शेवटी आण्णा खिडकीशी आले.

"सुरेखा, तिथं एकटी नको राहू. आपली मानसं हुडक. कुटं बी असत्यात."

जीप हलली तशी शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोनाची गं तू?" मी सांगितलं. घाटाचं वळण येईस्तोवर तिनं माझ्या मावशीची सोयरीक आणि आमचं भाताचं खाचर कुठल्या अंगाला आहे, तेवढं सगळं काढलं होतं. मला तेव्हा कंटाळा आला होता. कुठंही जा, कुणीतरी मुळापासून ओळखतंच, असं वाटलं होतं.

हे संगमनेरला डेअरीत होते. न्यूझीलंडला गाईंच्या फार्मवर माणसं पाहिजेत असं कळलं, यांनी अर्ज केला आणि आम्ही आलो. क्राइस्टचर्चपासून दूर, सपाट माळ, मधोमध आमचं घर. पहाटे हे गमबूट घालून धारा काढायच्या शेडवर जात आणि मी खिडकीतून गाई बघत बसे. शेजार म्हणायचा तर पलीकडच्या फार्मवरचं एक पत्र्याचं छप्पर दिसायचं. आपली माणसं हुडकायची कुठं? हुडकली ती मोबाईलमध्ये.

‘अंगण’ हा न्यूझीलंडमधल्या आमच्या बेटावरच्या मराठी बायकांचा ग्रुप. वृंदाताई त्याच्या अ‍ॅडमिन. बहुतेक जणी पुण्या-मुंबईच्या, बऱ्याच वर्षांपासून इथं असलेल्या आणि एकमेकींच्या घरी जाऊन-येऊन असलेल्या. नवीन आलेल्या बाईनं परिचय द्यायचा असा नियम होता. मला टाइप करायची सवय नव्हती, म्हणून मी बोलून पाठवलं. "नमस्कार, मी सुरेखा. आमी अकोल्याकडचे हाय. इथं गाईंच्या फार्मवर ऱ्हातो. तुमाला भेटून लई बरं वाटलं."

पहिलं उत्तर आलं, "अकोला म्हणजे विदर्भ ना?" मी सांगितलं, अकोला न्हाई, अकोले, संगमनेरच्या पल्याड, भंडारदऱ्याकडं. दुसरं उत्तर आलं, "किती गोड बोलता हो तुम्ही! अगदी सिरियलमधल्यासारखं." त्याच्या खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणीतरी लिहिलं, आता आपल्याला हक्काची गावरान मैत्रीण मिळाली.

त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. कुणी अपमान केला असता तर भांडले असते. गोड म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही. पिठल्याचा विषय निघाला की, "सुरेखा, तू बोलून पाठव ना, तुझ्या भाषेत." मी पाठवायची. मग कळायला लागलं, की पिठलं कुणी करत नाही, ऐकतात फक्त.

बाकी गप्पा माझ्या डोक्यावरून जायच्या. कुणी ‘पातेलं’ शब्द लिहिला की सगळ्या हसून लोळायच्या. मी पण हसरा चेहरा टाकायची. पुष्कळ दिवसांनी एकीला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, की एका सहलीला कुणीतरी गाडीच्या टपावर पातेलं विसरून तशीच गाडी चालवत गेली होती. ऐकून मला हसू आलं नाही. तिथं असायला पाहिजे होतं.

एकदा वृंदाताईंनी वेगळा मेसेज केला. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण ‘पाहिजेल’ असा शब्द नाही. ‘पाहिजे’ लिही." मी ‘थँक्यू ताई’ लिहिलं आणि त्या दिवसापासून बोलून पाठवणं बंद केलं. लिहायची, वाचायची, खोडायची. न की ण, बघायची. मग पाठवायची, तोवर विषय पुढं गेलेला असायचा. ग्रुपच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलला तोंडानं बोलावं लागे, म्हणून भांडी घासताना वाक्यं घोळवायची. आहे. नाही. गेले होते. हे हसायचे. "कोनाशी बोलतीस?" यांचं बरं होतं. गाईंना कशीही हाक मारली तरी चालत होती.

जीभ वळते माणसाची. एके दिवशी आईला फोन लावला, इकडचं तिकडचं बोलले, तर आई बोलताना अडखळायला लागली. मी म्हटलं, "काय झालं?"

"काय न्हाई गं," आई म्हणाली. "तू आता मास्तरनीवानी बोलतीस. तुझ्यासंगं बोलताना इचार करावा लागतुया."

मी फोन ठेवला. अंगणात मी अजून पाहुणीच होते, आणि घरी पण पाहुणी झाले होते.

त्यानंतर वृंदाताईंचा फोन आला. मेसेज नाही, फोन. आवाज खाली होता. "सुरेखा, एक विचारायचंय. ग्रुपवर बोलू नकोस. जितराब म्हणजे काय गं?"

"गुरंढोरं," मी म्हटलं. "का हो ताई?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची आई गेल्यावर वडिलांना, नानांना, त्या इकडं घेऊन आल्या होत्या. नानांचं विसरणं वाढत चाललं होतं. मूळचे ते काष्टीचे, श्रीगोंद्याकडचे. लहान वयात पुण्याला आले, बँकेत लागले आणि गावाची बोली अंगावरून अशी पुसून टाकली, की मुलांनी न आणि ण चुकवला तर जेवताना उठून जायचे. आता त्यांच्या तोंडात फक्त काष्टीच उरली होती. "सकाळपासून म्हणतात, जितराबं सोडली का? मला निम्मं कळतच नाही. मी उत्तर दिलं की चिडतात. तू बोलशील?"

त्यांनी फोन नानांना दिला आणि मी घाबरत घाबरत सुरुवात केली. "नमस्कार नाना. मी सुरेखा बोलतेय. तब्येत कशी आहे तुमची?"

पलीकडून आवाज आला, "कोन मास्तरीन हाय व्हय?"

"नाही... न्हाई नाना. मी अकोल्याकडची. शेतकऱ्याची लेक हाय."

"मंग नीट बोल की."

मला नीट बोलता येईना. शब्द होते, पण आधी दुसरेच यायचे आणि त्यांना बाजूला सारून हे काढावे लागायचे. मी खिडकीबाहेर बघितलं आणि समोर दिसेल ते सांगत सुटले. "नाना, हितं गाया लई हायेत. नजर पुरत न्हाई."

"कोनाच्या?"

"मालकाच्या. आमी कामाला हाये."

"धार कोन काढतंय येवढ्यांची?"

"मशीन हाय."

नाना विचारात पडले. "मशिनीला बघून पान्हा सुटतो व्हय गाईला?"

मी इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मागून वृंदाताईंचाही आवाज ऐकू आला, हसण्याचा की कशाचा ते कळलं नाही.

मग दर गुरुवारी दुपारी आमचं बोलणं होऊ लागलं. कधी मी त्यांची धाकटी बहीण असायची, कधी बाजारात भेटलेली कुणी बाई. आपण काष्टीच्या बाजारातच आहोत असं समजून ते मला आधी बैल दाखवायचे, मग माळवं, म्हणजे भाजीपाला, काय भावानं गेलं ते विचारायचे. मी भाव सांगायची. वृंदाताई नंतर मला शब्द विचारून घ्यायच्या. ग्रुपवर मात्र आम्ही दोघी पहिल्यासारख्याच. त्या चुका सुधारायच्या, मी शुद्ध लिहायची.

मध्यंतरी जामखेडकडची एक नवी मुलगी आली आणि तिनं बोलून परिचय पाठवला. "किती गोड!" सुरू झालं. मी वाट बघितली, वृंदाताई काही म्हणतील. त्या गप्प राहिल्या. मीही तिथं काही लिहिलं नाही, दमले होते खरंतर. तिला वेगळं लिहिलं, मीपण तुझ्याच बाजूची आहे, बोलत राहा. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. नंतर तिचा आवाज पुन्हा कधी ऐकू आला नाही.

थंडीत नाना गेले. ग्रुपवर मजकूर आला: निवृत्त बँक अधिकारी, पुणे. सगळ्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. मीही लिहिलं. काष्टी कुठंच नव्हती, आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

रविवारी शोकसभा ठेवली, मोबाईलवरच. एकेकीनं नानांच्या शिस्तीबद्दल, वाचनाबद्दल सांगितलं. शेवटी वृंदाताईंनी कॅमेऱ्याकडं न बघता सांगितलं, "नाना काष्टीचे होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटचे महिने ते सुरेखाशीच बोलले. सुरेखा, तू बोल. त्यांच्याशी बोलायचीस तसं."

मी तयारी केली नव्हती. बोलायला लागले तर सगळी मिसळ झाली. एका वाक्यात ‘आहे’, दुसऱ्यात ‘हाय’, मध्येच ‘मिल्किंग’ आणि ‘शेड’. बाजाराचं सांगितलं, मशिनीचं सांगितलं. काही जणी हसल्या, नानांच्या प्रश्नाला हसल्या. गोड असं कुणी म्हणालं नाही. माझं मला मात्र कळून चुकलं, की मी घरून आणलेली भाषा आता निवडून वेगळी काढता येणार नाही, आणि इथं कमावलेली सुद्धा.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर विमानाच्या तिकिटांची चर्चा सुरू झाली. अंगण काही बदललं नाही. मीही सोडलं नाही, कारण दुसरं आहे कुठं? गावी राहिलेल्यांना वाटतं, आम्हाला इकडं आपली माणसं मिळाली. इकडच्यांना वाटतं, आमचं गाव अजून तिकडं आहे. दोन्हीकडं मी शब्द निवडत असते आणि त्यानं थकवा येतो, अंगमेहनतीसारखा. घर म्हणजे मला आता तेवढीच जागा वाटते, जिथं तो उतरतो.

त्या रविवारी सभा संपली तेव्हा हे शेडवरून आले. दारात गमबूट काढले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "जेवान हाय का?"

"हाय की," मी म्हटलं. "हात धुऊन या."