सूनबाईची ऑर्किडं

सून शिरूरला माहेरी गेली तेव्हा तिनं कपड्यांची बॅग नेली, शाळेची पुस्तकं नेली आणि झाडं ठेवली. मला वाटलं, म्हणजे ती परत येणार. बायको म्हणाली, "एसटीत झाडं कशी न्यायची तिनं?" दोन्ही गोष्टी पटत होत्या, आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. दौंडला आमचं घर, वर गच्ची. गच्चीच्या एका कोपऱ्यात हिरवी जाळी बांधलेली. तो कोपरा सुनेचा. ती एका खासगी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी तिथंच असायची. जाळीखाली टांगलेल्या कुंड्यांत ऑर्किडं, आणि बाहेर उन्हात, कठड्यावर, जाड बुंध्याची अडेनियम. त्यांना ती डेझर्ट रोज म्हणायची. मुलगा शिक्रापूरला खोली घेऊन राहतो, तिथल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये असतो, सुट्टीला घरी येतो. त्या दोघांच्या भांडणाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणून तर ती का गेली ते मला कळेना.

मुलाला विचारलं. तो मोबाईल बाजूला ठेवून म्हणाला, "काय झालं न्हाई आप्पा. काय झालं असतं तर सांगितलं असतं."

"मग ती गेली कशाला?"

"तेच तर. काय झालंच न्हाई."

त्यानं मोबाईल पुन्हा उचलला.

पहिल्याच रविवारी तिचा फोन आला. "जयभीम मामा." आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते. मी सावरून बसलो. म्हटलं, आता कळेल. ती म्हणाली, "झाडांना पाणी कसं घालताय?"

"रोज घालतो. तांब्याभर."

शाळेतल्या पोरांना सांगावं तसं ती हळूहळू सांगू लागली. "ऑर्किडच्या कुंडीत माती नाही मामा. कोळसा आन् विटांचे तुकडे आहेत. मुळं पांढरट दिसली तर पाणी घाला, हिरवी दिसली तर राहू द्या. आणि अडेनियमला रोज नको. आत बोट घालून बघायचं, खोलपर्यंत कोरडं लागलं तरच."

माझं लहानपण भांडगावच्या शेतात गेलं. तिथं झाडाला पाणी मिळालं की ते जगतं, एवढंच मला ठाऊक. इथं एकाला ऊन चालत नाही आणि दुसऱ्याला सावली चालत नाही. दुपारी कठडा इतका तापायचा की मला कीव येऊन मी अडेनियम उचलून जाळीखाली नेली होती. ती पानं टाकायला लागली. पुन्हा उन्हात ठेवली.

त्यानंतर दर आठवड्याला फोन. मुळं कशी आहेत, कोंब आला का, गोगलगाय दिसते का. मी उत्तरं देत राहायचो आणि वाट बघायचो, की झाडांचं झालं की खरा विषय निघेल. तो निघायचा नाही. "ठेवते मामा," म्हणायची. बायको दारात उभी असायची.

"काय म्हनली?"

"मुळं बघा म्हणाली."

"आन् दुसरं?"

"दुसरं काय न्हाई."

ती माझ्याकडं अशी बघायची की जणू मीच काहीतरी दडवतोय.

एका अडेनियमला शिंगांसारखी शेंगांची जोडी लागली होती. जायच्या आधी तिनं ब्रशच्या केसानं एका फुलातला पराग दुसऱ्यात सोडला होता, हे मला फोनवर कळलं. "शेंगेला दोरा गुंडाळून ठेवा मामा, नाहीतर ती उकलते आणि बी वाऱ्यावर जातं." मी शिवणाचा दोरा गुंडाळला. शेंगा वाळायला बरेच दिवस लागले. एका सकाळी शेंग उकललेली, आणि दोऱ्यात अडकलेल्या बारीक तपकिरी काड्या. प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांना कापसासारखा झुबका. मी तिला आपणहून फोन केला.

"खरंच धरलं बी?" तिचा आवाज इतका आनंदी मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मला वाटलं, आता येईल बघायला. ती म्हणाली, "तुम्हीच लावा मामा. ताजं बी लवकर उगवतं."

तिनं सांगितलं तसं केलं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जाड वाळू, त्यावर बी आडवं, वरून अगदी पातळ थर. लवकरच कोंब वर आले. दोन जाड पानं आणि खाली फुगलेला बुंधा. बायको बघून म्हणाली, "जल्मताच प्वाट सुटलंय यांचं." त्या दिवशी आम्ही दोघं पुष्कळ हसलो.

थंडीत एका ऑर्किडची सगळी पानं गळली. नुसत्या पिवळट कांड्या उरल्या. माझ्याच हातून मेलं असं वाटलं. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून ते ऑर्किड आणि थोडी रोपं पिशवीत घालून मी शिरूरची एसटी धरली. वाटेत इनामगावची पाटी गेली, ऊस दिसत होता, मांडीवर ती पिशवी. आपण झाड दाखवायला चाललोय की सुनेला आणायला, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

तिला तिथल्या एका शाळेत नोकरी लागली होती, ती अजून यायची होती. व्याह्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "बसा पाव्हणं." चहा आला. आम्ही पावसाचं बोललो, कांद्याचं बोललो. मग त्यांनी आवाज खाली आणला. "पाव्हणं, रागवू नका. पन नेमकं झालं काय?"

मी कप खाली ठेवला. "मी तर तुम्हाला विचारायला आलो होतो."

इतके दिवस ते समजत होते मला माहीत आहे, आणि मी समजत होतो त्यांना माहीत आहे.

ती आली, पिशवी उघडून कांड्या बोटानं दाबून पाहिल्या. "मेलं नाही मामा. हे पानं टाकतं आणि असंच बसतं. जुन्या कांडीवरसुद्धा फूल येतं." मग घरातले आत गेल्यावर ती म्हणाली, "आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय, वेगळं व्हायचं. कोर्टात अर्जही दिलाय. त्यांना तुम्हाला सांगणं जमत नव्हतं, मला इथं घरात."

"चुकलं कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"मग एवढ्या टोकाला कशाला?"

तिनं पिशवीची तोंडं पुन्हा नीट जुळवली. "आम्ही बोलतो चांगलं मामा. पण आम्ही एकमेकांची वाट नाही बघत."

यातला शब्द न् शब्द मला समजला. सगळं मिळून काय ते समजलं नाही. परत येताना मी ते वाक्य उलटसुलट करून पाहत होतो. रेल्वेत असताना मी वर्षानुवर्षं घराबाहेर राहिलो. बायको माझी वाट बघायची का? मी तिची बघायचो का? घरी पोचल्यावर विचारणार होतो, विचारलं नाही.

मुलगा आला तेव्हा मी म्हटलं, शिरूरला जाऊन आलो. "सांगितलं का तिनं? बरं झालं," म्हणाला आणि गच्चीवर गेला. मी मागं गेलो तर हा कुंडी फिरवून मुळं बघत होता. "आप्पा, ही पांढरी झालीत. पाणी घालू का?"

"तुला कुणी शिकवलं?"

"तिनंच," तो म्हणाला, आणि पाणी घालत राहिला.

पुढं कोर्टात सगळं शांतपणे झालं. त्यानंतर ती एकदा भावाला घेऊन गाडीतून आली. बायकोनं तिला जेवायला घातलं, ओटीवर बसून दोघी बोलल्या. जाताना तिनं थोडी ऑर्किडं नेली, बाकीची राहू दिली. म्हणाली, तिकडं ऊन फार लागतं. आता दौंडचं ऊन काय कमी आहे? बायकोचं म्हणणं, फोन करायला कारण उरावं म्हणून ठेवली. मी म्हणतो, गाडीत जागा नव्हती. आमचं यावर अजून एकमत नाही.

ती अजून मला मामाच म्हणते. मामा कुणालाही म्हणता येतं, त्यामुळं तिला शब्द बदलावा लागला नाही. मलाच अडतं. शेजारी विचारतात, झाडं कुणाची? मी "सुनेची" म्हणतो, मग थांबतो, मग तसंच राहू देतो.

परवा बियापासून आलेलं एक रोप बुडाशी मऊ लागलं. मी तिला फोन केला. तिनं सांगितलं, कुजलेला भाग स्वच्छ ब्लेडनं कापा, पांढरा गर दिसेपर्यंत. चीक विषारी असतो, हात धुवा. मग सावलीत कोरडं होऊ द्या. मी कापलं, हात धुतले. रोप खिडकीत कागदावर पडलंय. पुन्हा मूळ धरेल का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "सांगता येत नाही मामा. कधी धरतं, कधी नाही."