बीबीच्या गाडीचा मॅनिफोल्ड

बीबी गावचे ते गृहस्थ पहिल्यांदा माझ्या लेथवर आले, तेव्हा मला एकच प्रश्न पडला. हा माणूस एवढ्या लांब माझ्याकडे का आला? वाटेत मेहकर आहे, चिखली आहे. दोन्हीकडे चांगले मिस्त्री आहेत. ती गावं सोडून कोणी बुलढाण्याला येतो, तेव्हा एक तर काम अवघड असतं, नाहीतर मधल्या सगळ्यांनी ते नाकारलेलं असतं. तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर माणसाच्या मनात आधी असंच काहीतरी येतं.

गाडी त्यांच्या वडिलांची. गोल दिव्यांची, फिकट हिरवी, माझ्याच वयाची असेल. वाटण्या झाल्या तेव्हा ती यांच्याकडे आली. थोरला भाऊ वरवट बकालला, बायकोच्या गावी, भाजीपाला करायला निघून गेला.

"मलकापूरहून येताना राजूरचा घाट चढत नाई," ते म्हणाले. "दोनदा थांबा लागते. मले हे बसवून पाह्यजे."

त्यांनी खोक्यातून दोन मोठे कार्बोरेटर काढले. मूळ गाडीला एकच होता, लहान. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र होतं आणि फाटे फुटलेल्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतून इंजिनाच्या चारही सिलिंडरांत जातं. त्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. तिचं एक लहान तोंड बुजवून दोन मोठी करायची, आतली वाट रुंद करायची आणि नव्या कार्बोरेटरसाठी वर जाड पट्ट्या जोडायच्या, असं ते काम होतं. मी हो म्हणालो. कार्बोरेटर कुठून आणले ते मी विचारलं नाही, पण मनात आलंच.

त्यांच्याही मनात बरंच काही होतं. मी मॅनिफोल्ड खोलला, तसे त्यांनी फोन काढून त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. मग खिशातून खिळा काढला आणि एका कोपऱ्यात दोन बारीक रेघा ओढल्या.

"हे कायले?" मी विचारलं.

"खूण. असू द्या."

म्हणजे मी त्यांचा मॅनिफोल्ड बदलून दुसरा देईन, असं त्यांना वाटत होतं. मला राग आला. पण गिऱ्हाइकाला तसं बोलता येत नाही. मी मॅनिफोल्ड मशीनवर आवळला. ते दारातल्या स्टुलावर बसले. सकाळपासून तिथंच होते. चहा तिथंच प्याले, घरून आणलेली भाकरीही तिथंच खाल्ली. मी हत्यार बदललं की मान पुढे करून बघायचे. अंगावर माशी बसल्यासारखं वाटत होतं मला.

दुपारी त्यांचा फोन वाजला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ते उठून रस्त्यापलीकडे गेले. दिवसभरात तेवढीच दहा मिनिटं ते जागेवर नव्हते, आणि त्याच दहा मिनिटांत नको ते झालं. आतली वाट कापत असताना अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कीस यायचा थांबला आणि काळपट भुकटी येऊ लागली. जळका वास आला. मी मशीन बंद करेपर्यंत फाट्याच्या मुळाशी एक तुकडा निसटून खाली पडला. जुन्या रुपयाएवढं भोक पडलं होतं.

ते परत आले आणि थेट भोकाकडेच पाहत राहिले.

"मी होतो तवरोक चांगलं होतं," ते म्हणाले.

"भाऊ, हे मी नाई पाडलं. इथं आधीच भेग होती. कोणीतरी पुट्टी भरून बुजवली होती. हे भुकटी पाहा."

"पुट्टी तर आजकाल पाच मिनिटांत वाळते."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मला कळला. मीच तोडलं, मीच पुट्टी भरली आणि आता कांगावा करतोय. उलट माझी खात्री पटत चालली होती, की हे त्यांना आधीपासून ठाऊक असणार. मोडका माल आणायचा, तो माझ्या हातून मोडला म्हणायचं आणि नवा मागायचा. चिखलीला न थांबण्याचं कारण मला सापडलं असं वाटलं.

मी खाली पडलेला तुकडा उचलला, रॉकेलमध्ये धुतला आणि पातीनं पुट्टी खरवडू लागलो. आत तारेची बारीक जाळी निघाली. गोल होती, कडेला दुमडलेली. वर्षानुवर्षांच्या काजळीनं काळी पडलेली.

"हे पाच मिनिटांतलं नाई," मी म्हणालो.

त्यांनी जाळी हातात घेतली. उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "चहाच्या गाळणीची हाये." आणि खाली बसले.

गाडी पहिल्यापासून घरातलीच होती, म्हणून थोड्या वेळानं त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम आवाज मोठा ठेवला.

"दादा, गाडीच्या नळीत गाळणीची जाळी निघाली."

पलीकडून थोरला म्हणाला, "ते मी लावली होती."

त्यानं जे सांगितलं ते असं. तरुणपणी तो न विचारता गाडी घेऊन लोणारच्या बाजाराला गेला होता. वाटेत या नळीचे नट सैल झाले, ते त्यानं जोर लावून इतके आवळले की नळीला मुळाशी भेग गेली. वडील दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन जालन्याला जाणार होते. घाबरून त्यानं आईला सांगितलं. आईनं गाळणीची जाळी काढून दिली. त्यानं ती पुट्टीत दाबून बसवली आणि वरून चंदेरी रंग मारला.

"तवापासूनच गाडी दमाले लागली," धाकटे म्हणाले. "बाबा म्हणे तूच ताणून चालवली. बाबा जाईपर्यंत मले चावी भेटली नाई, दादा."

"मले माहीत हाये."

"तुले माहीत होतं?"

"मी उद्या येतो," थोरला म्हणाला आणि फोन ठेवला.

तो खरंच आला, सकाळच्या बसनं. तोवर आम्ही मॅनिफोल्ड आर्गन वेल्डिंगवाल्याकडे नेऊन भेग भरून आणली होती. त्या दिवशी दोघे भाऊ माझ्या लेथवर होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला बाहेर पाणी प्यायला गेला, तसे धाकटे माझ्याजवळ आले.

"मिस्त्री, तुमाले काय वाटते? मायनं खरंच देली असंन जाळी? की मायचं नाव घेऊन हा सुटून राह्यला?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी दोन्ही कार्बोरेटर बसले. इंजिन सुरू करून मी सगळ्या जोडांवर पाण्याचा फवारा मारला. कुठून हवा खेचली जात असती तर आवाज बदलला असता. तो बदलला नाही. मग आम्ही तिघं राजूरचा घाट उतरून खाली गेलो आणि परत फिरलो. धाकटे चालवत होते. पहिल्या वळणावर त्यांनी सवयीनं गिअर उतरवला, पण गरज नव्हती. गाडी एका दमात वर आली.

वर आल्यावर बॉनेट उघडून उभे होतो. तेव्हा मी एक गोष्ट सांगून टाकली. पहिल्याच दिवशी मॅनिफोल्ड हातात घेतला तेव्हा फाट्याच्या मुळाशी रंग वेगळा दिसला होता मला. बोटानं चाचपलाही होता. दुरुस्ती झालेली असावी असं वाटलं होतं. बोललो असतो तर तुम्ही काम दुसरीकडे नेलं असतं, म्हणून गप्प राहिलो.

धाकट्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तवाच सांगतलं असतं तर मी तुमच्यासमोर जोडून घेतलं असतं. दादाले फोनच नसता केला."

मी माफी मागितली. त्यांनी बॉनेट लावलं.

बुलढाण्याच्या स्टँडजवळ थोरला म्हणाला, "मले इथं उतरव. बस भेटते."

"बीबीले चाल," धाकटे म्हणाले. "मावशी हाये अजून. तिले विचारू जाळीचं."

"चाल."

मला लेथवर सोडून गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली. दोन महिन्यांनी धाकटे कार्बोरेटर जुळवून त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोट्या, बदलून घ्यायला आले, तेव्हा मी विचारलं, मावशी काय म्हणाली. मावशीला ऐकूच कमी येतं, गाळणीचं तिला काही आठवलं नाही, असं ते म्हणाले. "तिनं दोघाले चहा पाजला," ते म्हणाले. "दादा मंग दोन दिवस राह्यला."

एवढं सांगून ते फोन काढून नव्या जेटचे फोटो घेऊ लागले.