बाटलीतलं जेवण

स्पिरिटचा वास आला की आजही माझी बोटं आपोआप आवळली जातात. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली होती. माझे यजमान आलापल्लीला जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे वनरक्षक होते. धान कापणीच्या दिवसांत त्यांना कावीळ झाली. झाडपाल्याने उतरली नाही आणि एका सकाळी त्यांनी मलाच विचारलं, "तुमी कोन जी, बाई?" सागवानाच्या ट्रकमधून दवाखान्यात नेईपर्यंत त्यांची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी खिडकीच्या गजाला काचेची बाटली उलटी टांगली, उकळलेली सुई कोपराजवळच्या शिरेत घातली. म्हणाले, "लिव्हर थकलंय. तोंडाने काही देता येत नाही, आता हे साखरेचं पाणीच यांचं जेवण. हात हलू देऊ नका." मी दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबून बसले. अर्धी बाटली गेली आणि त्यांना हुडहुडी भरली. दात वाजू लागले, लोखंडी खाट खडखडू लागली. सोबत आलेली सासू ओरडली, "काढा थे सुई! रगतात पानी गेलं, माहा पोरगा मरून राह्यला! घरी नेऊ त्याले." डॉक्टरांनी नळी बंद केली, घोंगडी पांघरली. थंडी ओसरल्यावर मला म्हणाले, "या बाटलीतल्या पाण्यात दोष असावा. दुसरी बाटली लावायला हवी. तुम्ही सांगा." सासूकडे न बघता मी म्हटलं, "लावा." तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. पुढे आयुष्यभर ते लोकांना सांगत, "माही बायको लय हिमतीची." मी त्यांना कधीच सांगितलं नाही की 'लावा' म्हणताना, त्यांच्या मरणाची खबर गावी कोणाच्या हाती धाडायची, हेच माझ्या मनात चाललं होतं.