वासमॅडम

मॅडम माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचा वास घ्यायच्या. संभाजीनगरच्या त्या वंध्यत्व उपचार केंद्रात काचेच्या ताटलीत गर्भ वाढवायचं काम त्यांच्याकडे होतं. "अत्तर? मागं फिरा. गजरा? काढा आधी." मोठ्या डॉक्टरांनाही सुटका नव्हती. उपचाराला येणाऱ्या आम्ही बायका पाठीमागं त्यांना वासमॅडम म्हणायचो.

"पोटात आई असते हो, बरंवाईट गाळून घ्यायला," त्या म्हणायच्या. "इथं हवेतलं सगळं थेट त्याच्या अंगावर. म्हणून किटकिट करते."

किटकिट काय, बाईंना बसणंच ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणी रंगाचा डबा उघडला, की मॅडम जिन्यावरून धावत खाली.

आमचा एकच गर्भ आत उबेच्या पेटीत वाढत होता. आधीचे दोन्ही प्रयत्न वाया गेलेले, आणि पुन्हा हे सगळं सोसायची माझ्यात ताकद नव्हती. त्यात फुलंब्रीहून सासूबाई आल्या, पदराच्या गाठीत खंडोबाचा भंडारा बांधून. मी पाणी प्यायला गेले, तेवढ्यात त्यांनी लॅबच्या दारावर मूठभर उधळला. मॅडम बाहेर आल्या आणि पिवळा उंबरठा बघून मटकन बाकावर बसल्या.

"देवाचंच हाय की, लेकराला काय व्हतंय त्यानं?" सासूबाई पुटपुटल्या.

मॅडमनी ओलं फडकं आणून स्वतः सगळं पुसलं.

मी हात जोडले. "मॅडम, एकदा आत बघा ना. नीट आहे ना, एवढंच सांगा."

"पेटी उघडली तर आपल्या जिवाला बरं वाटेल, पण त्याची ऊब जाईल. उद्या बघायचं ठरलंय, उद्याच बघू."

मग दुपारभर त्या वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या, आणि त्यांच्यामागं मी. मला त्यांचा भयंकर राग येत होता. तरी त्यांच्यापासून लांब जाववत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. गर्भ वाढत होता.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी आम्ही लेकीला घेऊन गेलो. सासूबाई मूठ पाठीमागं लपवून लांबच उभ्या राहिल्या.

"लावा की," मॅडमनी कपाळ पुढं केलं. "आज मला आत जायचं नाय."

सासूबाईंनी कपाळभर भंडारा लावला, मग मॅडमनी लेकीला उचलून तिच्या टाळूवर नाक टेकवलं. तेल, पावडर, दूध, सगळा वास पोटभर घेतला. डोळे भरून आले त्यांचे, माझेही.

एवढ्यात घमघमाट सोडत एक जोडपं आमच्यासमोरून लॅबकडे निघालं. "अहो, अत्तर!" लेकीला माझ्या हातात कोंबून मॅडम धावल्या. जोडप्याला अडवलं, सवयीनं आत जायला दाराकडे हात पुढं केला, आणि तोच हात कपाळाकडे गेला. बोटं पिवळी झाली.

त्या उंबरठ्याबाहेरच थांबल्या.